चिन्हांची पंगत

साल २००७. मालवणच्या बाजारपेठेत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भाईंचे टायपिंगचे दुकान होते. त्या दुकानात फुगीर पडद्याचा, घरघरणाऱ्या पंख्याचा एक संगणक टेबलावर बसलेला असे. तो मी. मित्रांनो, आज मी जुना आहे आणि बंद आहे. पण तेव्हा बाजारात मला मान होता.

माझे सुटे भाग कोल्हापुरात जोडले गेले. चादरीत गुंडाळून भाई मला एसटीने घेऊन आले. फोंडाघाट उतरताना वळणावळणावर ते स्वतः सीटवरून सरकत, पण मांडीवरच्या मला सरकू देत नसत. त्याच दुकानात पूर्वी त्यांचा शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे सुटी धातूची अक्षरे जुळवून छापण्याचा, छापखाना होता. ते खिळे मोडीत गेले, तरी छापखान्याची शिस्त भाईंच्या अंगात राहिली होती. एका पुस्तकाला एकच टाइप, म्हणजे अक्षरांचे एकच वळण. दुसऱ्या टाइपाचा परका खिळा ओळीत घुसला की तो चिमट्याने उपटून टाकायचा. हा नियम ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगत.

माझ्यावर काम करायची किशोरी. ती तारकर्लीहून सायकलने येई. आल्यावर ओढणीच्या टोकाने माझा पडदा पुसून घेई, कारण खाऱ्या वाऱ्याने त्यावर रोज चिकट थर बसायचा. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, तहसीलदाराकडचे अर्ज, असे आमचे दिवस चालले होते.

मग गुरुदास मास्तर आले. ते गणित शिकवून निवृत्त झाले होते. आपल्या हयातीत एक भूमितीचे पुस्तक काढायचे, इथल्या मुलांसाठी, इथली उदाहरणे घालून, एवढीच त्यांची इच्छा होती. होडीच्या शिडाचा त्रिकोण, विहिरीच्या रहाटाचे वर्तुळ, आंब्याला टेकलेली शिडी. पण मास्तरांना काचबिंदू झाला होता. दोन्ही बाजूंनी हळूहळू दार लोटून घ्यावे तशी त्यांची नजर मिटत चालली होती. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पुस्तक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

किशोरीने पहिली पाने काढली, ती मास्तरांना पसंत पडली नाहीत. मित्रांनो, मराठी अक्षरे वरच्या रेषेला धरून लोंबतात. इंग्रजी अक्षरे आणि गणिताची चिन्हे मात्र खालच्या रेषेवर उभी राहतात. दोघांना एकच माप दिले तरी इंग्रजी अक्षर थोराड दिसते आणि चिन्ह हडकुळे. मास्तरांनी ते पान किशोरीपुढे ठेवले.

"पंगतीत एक माणूस पाटार आणि दुसरो चौरंगार बसलो, तर कोणाचा लक्ष जेवणात ऱ्हवात गो?" ते म्हणाले. "पोरांचा तसाच होता. चिन्ह परक्या घरातला दिसला की ती बुजतत. मग आमी म्हणतो, पोराक गणित येणा नाय."

किशोरी कामाला लागली. वर्गमुळाचे चिन्ह थोडे जाड केले. कोनाचे चिन्ह केसभर वर उचलले. इंग्रजी अक्षरे लहान केली. हे सगळे एकदाच करून चालत नसे, प्रत्येक ओळीत नव्याने करावे लागे. मास्तर रोज नातीचा, इशिताचा, हात धरून येत. इशिता तेव्हा सातवीत होती. आजोबांची उदाहरणे ती घडाघडा म्हणून दाखवी. मास्तरांची पारख ठरलेली होती. पान हातभर लांब धरायचे आणि डोळे बारीक करायचे. काहीही डोळ्यांत खुपता कामा नये.

भाई वैतागत. हे पुस्तक छापून होईपर्यंत माझो बीपी वाढतलो, असे ते म्हणाले. त्यावर किशोरीने मान वर न करता विचारले, की संध्याकाळी पत्ते खेळताना तो कुठे जातो. मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

एक दिवस शेवटचे पान निघाले. मास्तरांनी ते लांब धरले. डोळे बारीक केले. मग हळू आवाजात म्हणाले, "बसली गो. सगळी पंगतीत बसली." माझ्या आयुष्यातला तो सर्वात चांगला दिवस.

पुस्तक गावच्या जत्रेला देवापुढे ठेवायचे ठरले होते. जत्रेला मुंबईची माणसे येतात, प्रती आपोआप घरोघर जातील, असा मास्तरांचा हिशेब होता. छपाई कोल्हापुरात व्हायची होती. पण पाने पाठवायच्या आदल्या दिवशी किशोरीची आई आजारी पडली आणि ती तिला घेऊन इस्पितळात गेली. सीडी काढून टेम्पोवाल्याकडे देण्याचे काम भाईंवर आले.

भाईंनी पुस्तक प्रेमाने उघडले. चाळता चाळता त्यांनी एका चिन्हावर माऊसने टिचकी मारली, तर पडद्याच्या वरच्या पट्टीत दुसऱ्याच टाइपाचे नाव दिसले. पुढच्या चिन्हावर मारली, तेथेही तेच. भाई हादरले. आईच्या काळजीत पोरीच्या हातून राहून गेले असणार, असे त्यांना वाटले. परके खिळे घुसलेले पुस्तक आपल्या दुकानातून कसे जाऊ द्यायचे? माझ्यावरची एकच युक्ती त्यांना येत होती. सगळा मजकूर एकदम निवडायचा आणि त्याला एकच टाइप द्यायचा. लग्नपत्रिकांना ती नेहमी लागू पडे.

मित्रांनो, आमच्या काळच्या मराठी टाइपात एकेक मराठी अक्षर एकेका ठरलेल्या खुर्चीवर बसे. चिन्हांचा टाइप वेगळा असे, किशोरीने तो मुद्दाम घेतला होता, आणि त्यात त्याच खुर्च्यांवर चिन्हे बसत. टाइप बदलला की खुर्ची तीच राही, बसणारा बदले. भाईंनी बटण दाबले आणि माझ्या पोटात पुस्तकभर चिन्हे उठून गेली. वर्गमुळाच्या जागी 'श्र' आला, कोनाच्या जागी 'ळ'. मी पंखा फिरवण्यापलीकडे काय करणार?

भाईंनी पहिली पाने पाहिली. त्यांवर अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना होती, सगळा साधा मजकूर. ती सुरेख दिसत होती. टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत होता. जुने काही पुसायचे नाही, नवे नाव देऊन ठेवायचे, अशी किशोरीची ताकीद होती. भाईंनी ती पाळली, सीडी काढली आणि समाधानाने दुकान बंद केले.

प्रती थेट जत्रेत आल्या, वाचायला कोणाला सवड झाली नाही. जत्रा झाली. त्यानंतर मास्तर दुकानात आले. एका हातात पुस्तक, दुसरा हात इशिताच्या खांद्यावर, पिशवीत जत्रेतले गोड खाजे. किशोरीही परतली होती. देवापुढे पुस्तक कसे ठेवले, गाऱ्हाणे कसे घातले, ते मास्तर सांगू लागले. काय चूकभूल झाली असेल ती पोटात घे, असे गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकाराने म्हटले आणि सगळ्यांनी एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हटले. ते सांगताना मास्तर भाईंकडे पाहत आहेत असे वाटत होते, पण त्यांची नजर भाईंच्या बाजूच्या भिंतीवर होती. तेव्हा आम्हाला कळले, की आता त्यांना अक्षर दिसत नाही.

"इशिता, शिडीचा उदाहरण वाच," ते म्हणाले. "किशोरीक आयकांदे."

इशिताने पान उघडले आणि ती थांबली. मग म्हणाली, "आंब्याची उंची बारा फूट. शिडीचा पाय खोडापासून पाच फूट. शिडीची लांबी बरोबर, वर्गमुळात एकशे चव्वेचाळीस अधिक पंचवीस. म्हणजे तेरा फूट."

किशोरीने तिच्या खांद्यावरून पान पाहिले आणि तोंडावर हात ठेवला.

मास्तरांनी मान इशिताकडे वळवली. "बरोबर वाचलंस," ते म्हणाले. "पण तू अडलंस. शिडीकडे तू कधी अडूक नाय. आता तुका काय दिसता, ता सांग."

इशिता रडवेली झाली. "आजोबा, हय 'श्र' आसा. वर्गमूळ नाय."

भाईंना उलगडा व्हायला क्षणभर लागला. ते खुर्चीतून उठले. "मास्तर, ता माझ्या हातान झाला. माका वाटला, परके खिळे आसत."

मास्तरांनी पुस्तक मागून घेतले. सवयीने ते हातभर लांब धरले, डोळे बारीक केले आणि मग हात खाली घेतला. "सगळ्यांक एकसारखो सदरो घालूक गेलास, भाई," ते म्हणाले, "आणि माणसांच बदलली." आवाजात राग नव्हता. तोच मला अजून ऐकू येतो. जाताना खाज्याचा पुडा त्यांनी आठवणीने माझ्या शेजारी ठेवला. त्या दिवशी तो कोणी उघडला नाही.

प्रती तोवर मुंबईला गेल्या होत्या. मागे राहिल्या त्यांत किशोरी आणि इशिता यांनी शाईने चिन्हे घातली. दुसरी आवृत्ती काढू, असे भाई म्हणत राहिले. पुढच्या श्रावणात मास्तर गेले. त्यांनी आपले पुस्तक बरोबर छापलेले कधी पाहिले नाही.

भाईंनी त्यानंतर माझ्या बटणाला बोट लावले नाही. दुकान बंद करून ते देवगडला मुलीकडे गेले, आंब्याच्या पेट्यांवर हाताने नावे रंगवीत राहिले आणि तेथेच वारले. किशोरी कुडाळला झेरॉक्सच्या दुकानात आहे. तिची आई बरी झाली, एवढे एक चांगले झाले. निघताना किशोरीने मला ताडपत्रीत गुंडाळून आपल्या घरच्या माळ्यावर ठेवले. इशिता आता गणित शिकवते. मागे ती माझ्यासाठी तारकर्लीला येऊन गेली. दोघींनी मला खाली उतरवून वायर जोडली. माझा पंखा दोनदा फिरला आणि थांबला. खाऱ्या वाऱ्याने आतले सगळे खाल्ले आहे. इशिता माझ्या पडद्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली. मग किशोरीने ओढणीच्या टोकाने तो पुसला आणि दोघींनी मला परत वर चढवले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी अडगळीत पडले असेल. त्याच्या पोटात कोणाचे कष्ट आहेत का, ते त्याचा पंखा फिरतो आहे तोवर पाहून घ्या, काढून घ्या. आम्हाला हाक मारता येत नाही. किशोरीने लावलेली पाने भाईंनी पुसली नव्हती. ती माझ्या पोटात तशीच आहेत. तेथे आंब्याला टेकलेली शिडी अजून उभी आहे, वर्गमूळ आपल्या जागी आहे आणि सगळी चिन्हे पंगतीत बसून वाट पाहत आहेत.