अण्णांचा डावा कान

शनिवार-रविवारी दहा वाजता दार उघडायचं, पण साडेनवापासूनच जिन्यावर माणसं दाटीवाटीने उभी असायची. त्या जागेला दुकान म्हटलेलं मालकाला खपत नसे. पाटीवर 'नादकक्ष' असं लिहिलं होतं. आत शिरताना जोडे आणि मोबाईल दोन्ही बाहेरच्या फडताळात ठेवावे लागत. जोडे का, तर गालिचा मळतो. मोबाईल का, तर "लहरींनी नाद मलूल होतो." पहिल्यांदा आलेला माणूस हे ऐकून हसायचा. तिसऱ्यांदा आला की नव्या माणसाला तेच वाक्य गंभीर चेहऱ्याने ऐकवायचा.

आत तीसेक खुर्च्या, भिंतींवर जाड करडे पडदे, समोर माणसाच्या उंचीचे दोन काळे लकाकते लाउडस्पीकर. त्या दोघांच्या मध्ये पांढरा लांब कोट घालून, दोन्ही हात खिशांत खुपसून, नादगुरू उभे असत. बापाने ठेवलेलं नाव काही वेगळं असणार, पण ते विचारायचं धाडस आजवर कोणी केलं नव्हतं.

"हेडफोन म्हणजे काय?" नादगुरूंनी विचारलं आणि उत्तरासाठी अर्थातच थांबले नाहीत. "डोक्याला लावलेला चिमटा! डाव्या कानाला एक गाणं, उजव्याला दुसरं. तुमच्या आत्म्याचे उभे दोन तुकडे! आणि स्पीकर? नाद आधी खोलीला भेटतो, मग हृदयाला भेटतो, आणि कान? कान बिचारा शेवटी!"

बँकेतले निवृत्त साहेब पुढच्या रांगेत मान डोलवत होते. नाद हृदयापाशी थांबलेला त्यांनी जणू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. दिवसभर लोकांच्या दाढांत ड्रिल घालणाऱ्या बाईंना शनिवारी शांतता हवी असे आणि ती त्या इथे शोधत.

शेवटच्या रांगेत एक बाई पहिल्यांदाच आली होती. सरकारी रुग्णालयात ती कान तपासायचं काम करी. बंद खोलीत रुग्णाला बसवायचं, हेडफोनमधून बारीक आवाज सोडायचे आणि कोणता ऐकू आला ते कागदावर उतरवायचं. दिवसाला चाळीस कान. नवरा महिनाभर मागे लागला होता, "एकदा येऊन तरी बघ. अण्णांमध्ये काय बदल झालाय!" अण्णा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं रेडिओ केंद्रात रेकॉर्डिस्ट होते. गाणारा खोकण्यापूर्वी श्वास कसा घेतो, हेसुद्धा त्यांना कळायचं म्हणत.

आज अण्णांनाच मधल्या चामड्याच्या खुर्चीत बसवलं होतं.

"आता बघा हं," नादगुरू म्हणाले. त्यांनी अण्णांच्या डोक्यावर एक भारी हेडफोन चढवला आणि बटण दाबलं. व्हायोलिन सुरू झालं असावं. अण्णांनी डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले.

"काय वाटतं, अण्णा?"

"गोधडीत गुंडाळल्यासारखं," अण्णा म्हणाले. "आणि डाव्या बाजूला तर काहीच नाही."

खोलीत हशा पिकला. "ऐकलंत? हेडफोनने एक बाजू खाऊनच टाकली!" नादगुरूंनी हेडफोन उचलून मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला. मग तेच व्हायोलिन स्पीकरवर लावलं, शिसवी लाकडाच्या दोन चकत्या स्पीकरवर ठेवल्या आणि हात परत खिशांत घातले. आवाज उजळला. पडद्यांच्या मागून जमीन हळूच हुंकारावी तसा खर्ज आला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"सगळं ऐकू येतंय," ते म्हणाले. "सगळं."

टाळ्या झाल्या. नवऱ्याने बायकोकडे 'बघ, काय म्हणत होतो' अशा नजरेने पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. गोधडीचं तिला काही वाटलं नव्हतं. 'डाव्या बाजूला काहीच नाही' हे शब्द मात्र तिने मनात टिपून ठेवले होते.

घरी पोचताच तिने अण्णांना स्वयंपाकघरात गाठलं.

"अण्णा, डाव्या कानाचं कधीपासून?"

"काय कधीपासून?" त्यांनी उजवा कान पुढे केला. हे ते किती दिवस करत होते आणि आपल्याला दिसलं कसं नाही?

"अठरा दिवस झाले," शेवटी ते म्हणाले. "सकाळी उठलो तर बोळा घातल्यासारखा. आत शिट्टी वाजत होती. आधी गुरूंनाच विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं हेडफोन लावलात, आता विष उतरतंय. चाळीस दिवस घरी हेडफोन नको, औषध नको, डॉक्टर नको. फक्त स्पीकर. आणि गुण येतोय, सूनबाई. आज पाहिलंस ना तू?"

"अण्णा, कान असा एका रात्रीत गेला तर तातडीने औषध लागतं. पहिल्या आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत. आत्ता माझ्याबरोबर चला."

"चाळीस दिवस होऊ देत."

"चाळीस दिवसांनी काहीही उरणार नाही!"

नवरा मध्ये पडला. "ओरडू नकोस त्यांच्यावर. तुला सगळं आकड्यांतच दिसतं. माणूस रडला तिथे, रडला! तुझ्या त्या पेटीसारख्या खोलीत कधी कोणी रडलंय?"

"रडतात," ती म्हणाली. "उशिरा आलेले रडतात."

अण्णा उठून आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पकडून नेता येईल असा हा माणूस नव्हता. ज्याच्या शब्दावर ते अडून बसले होते, त्याचा शब्दच मोडणं भाग होतं, आणि तेही उद्याच.

रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. पर्समध्ये रुग्णालयातलं आवाज मोजायचं तळहाताएवढं यंत्र होतं आणि फोमची बुचं. अण्णा पुन्हा खुर्चीत होते, कारण कालचा प्रयोग लोकांना फार आवडला होता. व्हायोलिन सुरू झालं, चकत्या ठेवल्या गेल्या, हात खिशात गेला.

"एक मिनिट," ती उभी राहिली. "चकत्या असू द्यात तिथेच. फक्त हात बाहेर काढा."

"ताई, शंका हा कानातला मळ असतो," नादगुरू गोड हसले.

"मळ मी रोज बघते. हात बाहेर काढा."

तिने इतका वेळ मांडीवर धरलेलं यंत्र उंच केलं. "चकत्या ठेवल्या तेव्हा आकडा हलला नाही. तुमचा हात खिशात गेला आणि आवाज तीन डेसिबलने चढला. तीन डेसिबल वाढले की माणसाला 'मोठा झाला' असं वाटत नाही, 'जिवंत झाला' असं वाटतं. डॉक्टरीणबाई, तुम्ही जवळ आहात. जरा बघता त्यांच्या खिशात?"

लोकांच्या तोंडात हात घालायची सवय असलेल्या बाईंना खिशाचं काय! नादगुरू मागे सरकेपर्यंत त्यांनी बोटभर लांबीचा रिमोट बाहेर काढलाही होता. त्यांनी बटण दाबलं, आवाज चढला. पुन्हा दाबलं, उतरला. तिसरं बटण दाबल्यावर जमिनीचा हुंकारच बंद पडला. कोणीतरी पडदा बाजूला सारला. मागे कपड्यांच्या ट्रंकेएवढा तिसरा स्पीकर गुपचूप बसला होता.

तेवढ्यात सुनेने हेडफोनच्या गाद्या नखाने उचकटल्या. आतून करड्या नमद्याचे दोन गोल निघाले. खुर्चीच्या पायांनी फरशी खरवडू नये म्हणून चिकटवतात ना, तसले.

"ही तुमची गोधडी, अण्णा."

बँकेतल्या साहेबांनी घसा खाकरला. "तरीपण," ते म्हणाले, "आवाज छानच होता हो."

नादगुरूंना एवढा आधार पुरला. "बघा! मी आनंद दिला. तो खोटा होता का? त्यांनाच विचारा, ऐकू आलं की नाही!"

अण्णा खुर्चीत ताठ बसले. "आलं," ते म्हणाले. "सूनबाई, रिमोट असेल, गोधडी असेल. पण मी ऐकलं ते मी ऐकलं. माझा कान सुधारतोय."

आता पुढचं तिला टाळता आलं असतं. सगळ्यांना बाहेर जायला सांगता आलं असतं. पण बाहेर गेल्यावर अण्णा पुन्हा दार लावून बसले असते, आणि तिच्याकडे दिवस नव्हते.

तिने फोमचं बूच वळून त्यांच्या उजव्या कानात सारलं, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवलं. नमदा काढलेला हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि स्पीकर बंद करून फक्त डाव्या बाजूला व्हायोलिन सोडलं. हेडफोन जाळीच्या पाठीचा होता. त्या गादी घातल्यासारख्या शांत खोलीत जाळीतून झिरपणारा सूर दुसऱ्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

अण्णा वाट पाहत होते. चाळीस वर्षं काचेमागे बसून पाहिली तशी, मान किंचित कलती करून.

"लाव ना," ते म्हणाले. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ते ओरडलेच. "लाव की! कशाला थांबलीस?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी एकेक चेहरा पाहिला. डॉक्टरीणबाईंनी नजर खाली वळवली होती. मुलगा भिंतीकडे पाहत होता. अण्णांनी हात वर नेला, डाव्या बाजूच्या जाळीवर बोटं टेकवली. जाळी थरथरत होती.

सुनेने बूच काढलं, हेडफोन उलटा फिरवून तीच बाजू उजव्या कानावर ठेवली. अण्णा दचकून अर्धे उठले.

"हेडफोन चांगला आहे," ती म्हणाली. एकेक शब्द त्यांना कळावा म्हणून ती सावकाश बोलत होती. "डावा कान गेलाय. खोलीत स्पीकर लावला की दोन्ही स्पीकरचे सूर दोन्ही कानांपर्यंत पोचतात. एक कान मेला तरी दुसरा सगळं गोळा करतो, म्हणून तुम्हाला 'सगळं' ऐकू आलं. हेडफोन प्रत्येक कानाला वेगळं विचारतो. तो पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला असता. म्हणून यांनी तो बंद केला." ती नादगुरूंकडे वळली. "तुम्हाला कळलं होतं ना?"

नादगुरूंचं हसू आता गेलं होतं. त्या जागी अगदी साधा, व्यवहारी चेहरा आला होता.

"मी स्पीकर विकतो, ताई," ते म्हणाले. "कान तपासायचं काम तुमचं. आणि हे तर तुमच्याच घरात राहतात ना?"

त्या खोलीत त्या माणसाने बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. तिने अण्णांच्या दंडाला धरलं आणि जोडेसुद्धा नीट न घालता त्यांना रुग्णालयात नेलं.

रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांनी तिने काढलेला कागद पाहिला. उजव्या कानाची रेघ वयाला शोभेल अशी होती. डाव्या कानाची रेघ कागदाच्या तळाशी जाऊन पडली होती.

"आठवड्याच्या आत आले असते तर कान नक्की परत आला असता असं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "पण बऱ्याच जणांचा येतो, थोडा किंवा पुरता. आता गोळ्या देऊ, कानात इंजेक्शन देऊ. आशा धरू नका."

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. रेघ तळाशीच राहिली.

अण्णांना आता हाक कुठून आली ते कळत नाही. सून स्वयंपाकघरातून बोलली तर ते गॅलरीत जाऊन पाहतात. रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला की जागच्या जागी गोल फिरतात, आणि पोरंटोरं हसतात. समोर कोण डावीकडे बसलंय आणि कोण उजवीकडे, हे मिटल्या डोळ्यांनी सांगणारा माणूस! घरातले दोन मोठे स्पीकर मुलाने विकत आणले होते. ते झाकून ठेवलेत. मुलगा त्याबद्दल बोलत नाही. बायकोशीसुद्धा फारसा बोलत नाही, कारण ती बरोबर होती.

आणि नादगुरू? तीन महिने पाटी उतरली होती. मग दोन गल्ल्या सोडून नवी चढली, 'अंतर्नाद'. डॉक्टरीणबाईच बातमी घेऊन आल्या. "आता हेडफोन विकतो तो. म्हणतो, स्पीकर नाद उधळतात, खोली अर्धं गाणं पिऊन टाकते. हेडफोन आत्म्याला एकवटतो! आणि पुढच्या रांगेत कोण? आपले बँकेतले साहेब!"

अण्णांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग जोडे घातले. सून म्हणाली, "कशाला अण्णा? हसतील."

"हसू देत. एकाच बाजूने ऐकू येईल."

नव्या जिन्याच्या पायरीशी माणसं उभी होती. अण्णा त्यांच्यासमोर थांबले आणि गाणाऱ्याला सूचना द्यावी तशा स्वच्छ शब्दांत बोलले.

"हेडफोन घ्या नाहीतर स्पीकर घ्या. एकटं ऐकायचं असेल तर हे, चारचौघांत ऐकायचं असेल तर ते. दोन्हीत देव नाही, दोन्हीत विष नाही. फक्त वर गेल्यावर दोन गोष्टी मागा. दोन्हींचा आवाज यंत्राने मोजून सारखा करा म्हणावं. आणि डोळे बांधून ऐकवा, कोणतं वाजतंय ते आम्हाला न सांगता. जो नाही म्हणेल त्याच्याकडून काही घेऊ नका."

दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "आजोबा, तुम्हाला काय कळतंय यातलं?" तो अण्णांच्या डाव्या बाजूला होता, त्यामुळे तो प्रश्न हवेतच राहिला. रांग वर सरकली. एक बाई तेवढी मागे थांबली. तिने आपल्या कानाला हात लावला आणि अण्णांच्या समोर येऊन हळूच विचारलं, "परवापासून माझ्या एका कानात शिट्टी वाजतेय. ते म्हणाले, आत्मा एकवटतोय."

"शिट्टी आहे ती," अण्णा म्हणाले. "वर जाऊ नका. रुग्णालय सरळ पुढे आहे. आजच जा, आत्ता जा. माझे अठरा दिवस गेले, तुमचे दोनच गेलेत."