आखाजीच्या शिव्या

आमच्या गावात वर्षातून एकदा बायकांना शिव्या द्यायची मुभा असते, आणि यंदा मी ती पुरेपूर वापरली. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी विरघळेन अशी आशा कुणी धरायला नको.

गाव आमचं शहाद्याकडचं, ब्राह्मणपुरीच्या पलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी गौराई बोळवून झाली की वरची गल्ली आणि खालची गल्ली कोरड्या नाल्याच्या दोन काठांवर समोरासमोर बसतात. मग गाण्यांतून एकमेकींचा उद्धार सुरू होतो. कुणाची सासू कद्रू, कुणाचा नवरा चोंबडा, सगळं निघतं. ज्याचं नाव निघेल त्यानं रागवायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ज्या गल्लीला उत्तर सुचत नाही, तिनं जिंकलेली गल्ली उठेपर्यंत जागचं हलायचं नाही. पुरुष आपापल्या गल्लीच्या बायकांमागे बसून निमूट ऐकतात. वर्षभर बोलतच असतात, एक दिवस ऐकलं तर काही झिजत नाहीत.

वरच्या गल्लीची शान म्हणजे डॉक्टर हेमराज पाटील. शहाद्याला त्याचं मोठं हॉस्पिटल आहे. मी नर्सिंग पास झाले तेव्हा तो स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि बाबांना म्हणाला, "पोरले मन्हाकडे धाडा. गावनी पोर शे, घरनी समजीसन शिकाडसू."

घरची समजून त्यानं आधी ट्रेनिंग फी घेतली. ती आईनं भिशी उचलून भरली. मग माझ्यासारख्या सगळ्याच पोरींची ओरिजनल प्रमाणपत्रं ठेवून घेतली, म्हणे हरवायला नकोत. आणि वर्षभरासाठी छातीवर बिल्ला लावला, 'सेवाव्रती'. सेवा आहे म्हणून पगार नाही, आणि ट्रेनिंग आहे म्हणून सुट्टी नाही. सलाइन लावणं, ड्रेसिंग करणं आम्ही कोर्समध्येच शिकून आलो होतो. इथं नवीन शिकलो ते बेडपॅन घासणं, आणि मावशी आली नाही की फरशी पुसणं. पेशंटच्या बिलात मात्र नर्सिंग चार्ज न चुकता लागायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

माझ्याबरोबर धडगावकडची जागृती पावरा होती. ती तापानं फणफणली तरी तिला ड्यूटीवरून सोडलं नाही, आणि ती वॉर्डातच चक्कर येऊन पडली. डॉक्टरचा पुतण्या भाग्येश तिथं मॅनेजर म्हणून मिरवतो. तो तिच्या अंगावरून वाकून म्हणाला, "पेशंट व्हायचं असेल तर आधी केसपेपर काढावा लागेल." आणि हसला. त्याच क्षणी मी मनाशी म्हटलं, या चुलत्या-पुतण्यांना मी सोडणार नाही.

पुढे सरकारी भरतीत माझं आणि जागृतीचं, दोघींचंही नाव आलं. आखाजी झाली की लगेच नंदुरबारला कागदपत्रांची पडताळणी. ओरिजनल नसतील तर नाव बाद. आम्ही कागद मागितले, तर डॉक्टर म्हणाला, सेवेचं वर्ष अर्धवट सोडताय, तेव्हा उरलेल्या ट्रेनिंगचा खर्च भरा आणि घेऊन जा. म्हणजे राबायचं आम्ही आणि वर भरायचंही आम्हीच! बाबा हात जोडून त्याच्या केबिनमध्ये गेले. त्यानं त्यांना चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवलं. तक्रार केली असती तर तारखा पडत राहिल्या असत्या आणि नोकरी हातची गेली असती.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. डॉक्टरचं नाक कुठं आहे ते मला पक्कं माहीत होतं. यंदा त्याला बाजार समितीच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं. त्यामुळे आखाजीला तो गावात आला, पांढराशुभ्र झब्बा घालून वरच्या काठावर मातीत मांडी घालून बसला, आणि भाग्येश मोबाइल धरून हॉस्पिटलच्या पेजवर सगळं लाइव्ह दाखवू लागला. मी जागृतीला मुद्दाम आमच्या घरी आखाजीला आणलं होतं. आम्ही खालच्या काठावर पुढच्याच रांगेत बसलो.

डॉक्टरच्या पुढ्यात त्याची आई बेबीबाई बसली होती. तिला सगळं गाव बेबीमाय म्हणतं. ती वरच्या गल्लीची म्होरकी, आणि तिच्या उत्तरांपुढे आमची गल्ली मी लहान असल्यापासून हरत आलेली. सुरुवातीला नेहमीची चिडवाचिडवी झाली. मग मी पदर खोचून उभी राहिले.

"वरली गल्लीना डॉक्टर मोठा, व बाई मोठा,
फुकट राबाडस, दानतना खोटा!"

आमच्या काठानं ती ओळ उचलून धरली. डॉक्टर हसला. रागवायचं नाही ना! बेबीमायही हसली आणि तिनं टाळी देऊन उत्तर टाकलं.

"खालनी गल्लीना पोटमा दुखस,
हेमराज मन्हा नोकऱ्या देस!"

"नोकरी कसानी, ना पगार ना सुट्टी," मी म्हटलं,
"कागद दपाडीसन तोंडले पट्टी!"

पगार नाही आणि कागद लपवलेत, हे बेबीमायनं पहिल्यांदाच ऐकलं. मागे वळून तिनं लेकाला विचारलं, "हेमराज, या पोरीस्ले पगार देस ना रे तू?"

"आई, ती ट्रेनिंग शे. तुले नही समजाव."

"माले इतलंच सांग. देस का नही?"

डॉक्टर मोबाइलकडे बघून हसत राहिला. बेबीमायनं टाळीचे हात मांडीवर ठेवले. खोटं रचून गायची सवय तिला नव्हती, आणि खरं काय ते तिला आता कळलं होतं.

तेवढ्यात वरच्या गल्लीतली चुनीलालची बायको उठली, नाला ओलांडून आमच्याकडे आली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. "मन्ही पोर काजल सोमवारपाईन तठेच जाणार व्हती," ती म्हणाली. "फी बी भरी ऊनू मी." तिच्यामागून आणखी बायका उठून आल्या. डॉक्टरनं भाग्येशला मोबाइल बंद करायची खूण केली, पण चुनीलालची बायको माझ्या शेजारूनच ओरडली, "चालू ऱ्हाऊ दे रे भो! लोके देखी ऱ्हायनात!" आता सगळ्यांसमोर बंद करायची भाग्येशची छाती झाली नाही.

जागृतीनं तिच्या पावरी बोलीत एक ओळ गायली. कुणालाच कळली नाही, तरी आख्ख्या काठानं ती जशीच्या तशी म्हटली. अर्थ तिनं मला मागाहून सांगितला. तो इथं लिहिण्यासारखा नाही, पण ऐकून मला फार बरं वाटलं.

"पोरीस्ना कागद मंगाड," बेबीमाय लेकाला म्हणाली.

"आई, लोके देखी ऱ्हायनात."

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू."

डॉक्टरनं कंपाउंडरला फोन लावला. शहाद्याहून मोटारसायकल येईपर्यंत आम्ही काही गप्प बसलो नव्हतो. त्याच्या केबिनचा एसी निघाला, बाबांना पाजलेला चहा निघाला, केसपेपर निघाला. भाग्येशचं नाव आलं तेव्हा त्याचा मोबाइल धरलेला हात खाली आला, तर पोरांनी त्याला वर धरायला लावला. मग कंपाउंडर आला. मी एकेक प्रमाणपत्र उलटून पाहिलं, जागृतीनं तिचं पाहिलं, आणि आईनं दोघींचे कागद पिशवीत घालून पिशवी मांडीखाली घेतली.

डॉक्टर झब्ब्याची माती झटकत उठला. "चाल आई, घर चाल. झायं ना आते."

बेबीमाय हलली नाही. तिनं वरही पाहिलं नाही.

"बठ," ती म्हणाली. "हारेल गल्ली उठत नही."

"आई, ऊन कितलं शे..."

"बठ सांगं ना तुले."

तो बसला. तिच्या बाजूला आता मोजक्याच म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यामुळे तो लांबूनही सगळ्यांना दिसत होता. घामानं झब्बा पाठीला चिकटला. ड्रायव्हरनं गाडीतून गार पाण्याची बाटली आणली, तर बेबीमायनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "त्या पोरीस्ले दे. गाई गाई घसा कोरडा व्हई ग्या व्हई." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. तिच्यासाठी माझ्या पोटात तुटलं, हे नाकारत नाही. त्याच्यासाठी काही तुटलं नाही.

नाल्यापलीकडून त्यानं माझ्याकडे पाहिलं. हॉस्पिटलमध्ये कधी नावानं हाक मारली नव्हती, आज मारली. "रुपा, बेटा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "कागद भेटनात ना तुम्हले? मंग आते उठा ना."

आमच्या काठावरच्या बायका माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी म्हटलं असतं तर त्या उठल्या असत्या. मी त्याच्या बाटलीतलं गार पाणी पोटभर प्याले, बाटली जागृतीकडे दिली आणि पुढची ओळ घेतली.