माझ्या झडपेला बूच मारलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना, फुटलेला गिझर आहे आणि मला भयंकर राग आला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल, तर ती माझ्याकडे नाही.

कारखान्यात पत्रा वाकवून माझी टाकी झाली. पोटात पाणी तापवणारी कांडी बसली आणि खाली एक छोटी झडप. पाणी तापलं की फुगतं. ते जास्तीचं पाणी झडपेतून थेंब थेंब बाहेर पडतं. टपकणं हा माझा बिघाड नव्हता, त्यावरच माझा जीव अवलंबून होता.

मला एका घरमालकाने विकत घेतलं. त्याने बरीच घरं भाड्याने दिली होती. "ही माझी गुंतवणूक आहे," तो ऐटीत सांगायचा, "खर्च आटोक्यात ठेवला तरच परवडते." मी बापडा राबत राहिलो. थंडीत भाडेकरू माझं तोंडभर कौतुक करायचे, उन्हाळ्यात ढुंकूनही पाहायचे नाहीत.

शेवटी एक सासूबाई आणि त्यांची सून राहायला आल्या. दोघींचं दिवसभर वाजायचं. तरी सासूबाईंच्या गुडघ्यांना कडकडीत पाणी लागतं म्हणून सून उठल्या उठल्या माझं बटण दाबायची. मला ती दोघं माणसं आवडली होती.

माझ्या थेंबांनी खालच्या घराच्या छताला ओल आली. झडपेला नळी लावून पाणी मोरीत सोडलं असतं तरी भागलं असतं. पण घरमालक स्वतःच पाना घेऊन आला आणि त्याने झडपेच्या तोंडात बूच घट्ट बसवलं.

"अहो, असं बंद करून चालतं का?" सुनेने विचारलं.

"टपकणं थांबलं ना? मग झालं तर! आणि काही झालंच, तर विमा आहे."

विमा! त्याच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतावंसं वाटलं मला.

पुढे, पाणी तापल्यावर वीज तोडणारा माझा भाग अडकला. पाणी फार उकळतं, अशी सुनेने तक्रार केली. "थंड मिसळून घ्या," असं उत्तर आलं.

त्या सकाळी मी आतून गुरगुरत होतो. सासूबाई न्हाणीघरात शिरल्या. पण सुनेला एक टोमणा मारायचा राहिला होता, म्हणून त्या तशाच परत स्वयंपाकघरात गेल्या. तेवढ्यात माझा सांधा फाटला. भिंतीच्या फरशा उडाल्या, बादलीच्या चिंधड्या झाल्या. सुनेने सासूबाईंना मिठीच मारली आणि दोघी रडल्या.

घरमालक धावत आला. "अरे देवा, फरशीचं काय झालं हे!" मग त्याने विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?"

"आधी फरशी आणि मग मी!" सासूबाई कडाडल्या. "तुमच्या घरात आता पाणीसुद्धा पिणार नाही आम्ही."

त्या दोघी घर सोडून गेल्या. मला बाल्कनीत फेकलं आहे. माझ्या जागी नवा, चकचकीत गिझर लागला आहे आणि तो टपकायच्या आधीच घरमालकाने त्याच्या झडपेला बूच मारून ठेवलं आहे. नवे भाडेकरू उद्या येणार आहेत. त्यांच्याबरोबर एक लहान मुलगी आहे. मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणीतरी जाऊन सांगा रे त्यांना!