इथल्या माणसांची खानावळ

भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या, तरी त्यांची एक खोड काही निवृत्त झाली नव्हती. नव्या शहरात चार-चार भाषांतल्या पाट्या आणि दारात हसतमुख माणूस दिसला, की त्या रस्ताच बदलत. “प्रवाशांना गंडवायचे धंदे आहेत नुसते. इथली माणसं जेवतात तिथे जेवायचं,” असं त्या धाकट्या बहिणीला बजावत, आणि बहीण बिचारी सोललेली टाच सांभाळत मुकाट मागून चालत असे.

त्या दुपारीही बाजाराकडे पाठ फिरवून, वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत वाकत, त्यांनी एका बोळात खानावळ हुडकून काढलीच. पाटी नाही, दरपत्रक नाही. सात-आठ टेबलं आणि बहुतेकांवर एकेकटं, खाली मान घालून जेवणारं माणूस. बाईंचा चेहरा खुलला.

“ताई, तू बस. कोपऱ्यावर औषधांचं दुकान दिसलं, टाचेला पट्टी लावून आलेच,” म्हणून बहीण गेली.

मालकाने न विचारताच वाफाळता भात आणि तळलेला मासा आणून ठेवला. पहिल्याच घासाला बाईंनी डोळे मिटले. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला त्यांनी कौतुकाने विचारलं, “तुम्ही इथलेच ना?”

“आता इथलाच. आलो होतो चार दिवसांसाठी.”

“मी आठवड्यासाठी,” पलीकडची बाई ताटातून वर न बघता म्हणाली. तिसऱ्याने नुसती दोन बोटं वर केली.

बाईंना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. “एकटेच आला होतात?”

“बायको होती. येते अधूनमधून. तिला आवडतं इथलं जेवण.”

उठावं, असं बाईंना वाटलं. उतरलो त्या हॉटेलचं नाव त्यांनी मनाशी आठवून पाहिलं. ते काही येईना. वय झालं, दुसरं काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि आणखी एक घास घेतला.

तेवढ्यात दार ढकलून बहीण आत आली. टाचेला नवी पट्टी होती. साऱ्या टेबलांवरून तिची नजर फिरली, आणि थोडी घुटमळत ती बाईंपाशीच येऊन वाकली.

“माफ करा हं, तुम्ही इथल्याच का? इथे चांगलं काय मिळतं?”

बाईंनी ‘अगं’ म्हणायला तोंड उघडलं.

“मासा घ्या,” त्या म्हणाल्या. “रोज ताजा असतो.”