मोहाखालची आग

भैयालाल मडावी नागझिरा अभयारण्याच्या गेटावर गाईड होता. पर्यटकांना त्याचा पहिला धडा ठरलेला, की जंगलात विडी-काडी पेटवायची नाही. हे सांगताना त्याची छाती फुगायची. पण गेले नऊ दिवस ते वाक्य आलं की त्याला खोकला यायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

घडलं ते असं. मोहाचे दिवस होते. त्याच्या गोंडांच्या गावात मोहाची झाडं बापजाद्यांपासून घराघराला वाटून दिलेली. भैयालालच्या घरचं झाड टेकडीच्या पायथ्याशी होतं आणि त्याची फुलं वेचायची ती त्याची बायको जमुना. फुलं वेचायला झाडाखालची जागा साफ लागते. पूर्वी लोक पाचोळ्याला सरळ काडी लावायचे. दोन वर्षांमागे ग्रामसभेनं ठराव केला, जाळायचं नाही, खराट्यानं झाडायचं. ठरावाला पुरुषांनी हात वर केले आणि खराटा बायकांच्या हातात दिला. वा रे न्याय!

त्या दिवशी जमुनाची कंबर धरली होती. तरी पहाटे ती गेली, झाडाखाली तीन दगड मांडून काळा चहा केला, चुलीवर पाणी ओतलं आणि जमतील तेवढी फुलं वेचून घरी आली. नवऱ्याला म्हणाली, दुपारी रिकामे आहात तर तेवढं झाडून द्या. भैयालालनं खरंच खराटा घेतला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण थोडं झाडून होतं न होतं तोच त्याचा दोस्त घनश्याम, तोही गाईडच, गावातल्या दोघांना मोटारसायकलवर बसवून तिथून चालला होता. थांबला आणि विचारलं, आता लुगडं कधी नेसतोस? तिघंही पोट धरून हसले. भैयालालही हसला. ते पुढे गेल्यावर त्यानं खराटा झुडपात फेकला, पाचोळ्याला काडी लावली आणि दहा मिनिटांत जागा साफ होईल म्हणून निघून गेला. मग वारा सुटला.

अर्धी टेकडी जळाली. सात घरांचे मोह होरपळले, तेंदूची कोवळी रोपं गेली, जमिनीवर अंडी घालणारी पाखरं कुठं गेली देव जाणे. हिरव्या फांद्यांनी आग झोडपणाऱ्यांत भैयालाल सगळ्यात पुढे होता. भुवया जळाल्या त्याच्या. गावानं शाबासकी दिली, ती त्यानं घेतली. जमुना मात्र राख बघून मटकन खाली बसली. माझ्याच चुलीची ठिणगी उडाली, असं म्हणाली.

इथं भैयालालनं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण कशासाठी? चारचौघांत तिच्यावरच खेकसला, की तुले अक्कल नाही, पानी तरी नीट टाकाचं! गाईडचं काम जाईल ही भीती होतीच, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती होती ती लोक हसतील याची. घनश्यामला शंका आली असेलही, पण दोस्त दोस्ताचं झाकतो, तसं त्यानं झाकलं.

जमुना जंगलात पाय ठेवेना. घरात वाळवून ठेवलेला मोह तिनं त्या सात घरी टोपलीटोपलीनं नेऊन दिला. रोज जेवण वाढताना एकच विचारायची, पाणी ओतलं तेव्हा चूल चर्र वाजली होती, मग ठिणगी राहिली कशी? भैयालाल ताटात बघत म्हणायचा, राहते एखादी. त्या क्षणी त्याला स्वतःची किळस यायची.

दहाव्या दिवशी ग्रामसभा भरली. म्हातारे जागेश्वर अध्यक्ष. त्यांनी हळूच सांगितलं, नियम तो नियम, या घरचं झाड पाच वर्षं दुसऱ्याकडे जाईल आणि जमुनानं गावाची माफी मागावी. जमुना कंबरेवर हात ठेवून उठली. आधी टेकडीकडे वळून तिनं हात जोडले, मग लोकांकडे. भैयालालला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"थांब," तो उठून म्हणाला. "काडी मी लावली. खराटा धराची लाज वाटली म्हून."

कोणी हसलं नाही. घनश्याम जमिनीकडे बघत राहिला. भैयालालनं खिशावरचा गाईडचा बिल्ला काढून जागेश्वरांपुढे ठेवला. सातही घरांच्या झाडांखाली मी झाडीन, जितकी वर्षं सांगाल तितकी, असं तो म्हणाला. सगळे जमुनाकडे बघत होते.

"माही चूल विझली होती?" तिनं विचारलं.

"विझली होती. मी गेलो तवा राख थंडी होती."

नऊ दिवसांत न रडलेली जमुना तिथं उभ्या उभ्या रडली. भैयालालला वाटलं, सुटलो. तो तिच्याजवळ गेला, हात धरायला लागला. तिनं हात मागे घेतला.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "आन् मी रोज विचारत होती."

मग ती बायकांत जाऊन बसली.