खुर्ची एकच

सलूनवाल्या थोरल्याने वाटीत ब्रश नुसता धरला, की फेस आपोआप फुलून छताला लागायचा, इतका त्याचा उजवा हात थरथरे. खोटं वाटत असेल तर वर बघा, डाग अजून आहेत. गिऱ्हाइकं आटली, तसं इतकी वर्षं टॉवेल देणाऱ्या धाकट्या भावाने फर्मान काढलं.

"दादा, परवापासून खुर्ची माझी. तू टॉवेल दे."

"टॉवेल? चाळीस वर्षं लोकांच्या माना माझ्या हातात आहेत!"

"म्हणूनच येत नाहीत आता."

थरथर थांबवणारा पट्टा बाजारात होता. पण त्या किमतीत आरसा, खुर्ची आणि वर धाकटाही विकत आला असता. थोरल्याची लेक मिक्सर दुरुस्त करायची. तिने जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची मोटर काढली, तिच्यावर पितळी चकती चढवली आणि सगळं घड्याळाच्या पट्ट्यावर बसवलं. चकती गरगरली, की मनगटाला भराभर हलताच येत नसे.

"गुणगुणतं जरा," ती म्हणाली. "माशी पाळलीय समजा, बाबा."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने मुद्दाम चार टवाळ बाकावर आणून बसवले. गिऱ्हाईक केस कापायला बसलं. थोरल्याने सवयीप्रमाणे कात्री हवेत कचकचवली. दहा वेळा हवा कापल्याशिवाय तो केसाला हात लावत नसे. पट्ट्याला काय कळणार, थरथर कुठली आणि ऐट कुठली! त्याने मनगटच जखडलं. कात्री आ वासून अडकली. बाक खिदळलं. गिऱ्हाईक अंगावरच्या कापडासकट पसार.

"झाली हौस?" धाकटा म्हणाला.

लेकीचं तोंड उतरलं. "बाबा, तुमच्या कचकचीचा विचारच केला नाही मी."

"कात्रीला नखरे लागतात, वस्तऱ्याला नाही." थोरल्याने खुर्ची झटकली. "धाकट्या, बस."

"मी?"

"का रे? घाबरलास?"

चार टवाळांसमोर नाही कोण म्हणेल? धाकटा बसला आणि त्याने डोळे असे गच्च मिटले, की कानही पुढे सरकले.

चकती गुणगुणू लागली. वस्तरा कानशिलापासून निघाला तो लोण्यातून जावा तसा हनुवटीपर्यंत. ना ओरखडा, ना थेंब. बाकावरचे टवाळ आपापले गाल चाचपू लागले. गळ्यापाशी येऊन थोरला थांबला.

"उद्यापासून टॉवेल कोण देणार?"

"मी," धाकटा ओठ न हलवता म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"मी, दादा! मीच!"

"बोलू नकोस रे," थोरला म्हणाला. "कापेल."