मांजरीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे, डिझेलवर चालणारी. पुढे दोन लोखंडी काटे, मागे तोल सांभाळायला जडशीळ पोट आणि वर पत्र्याचं छप्पर. फरशांच्या कारखान्यात, माल ठेवायच्या शेडमध्ये मी नऊ वर्षं खोकी उचलली. सध्या माझा मुक्काम भंगाराच्या आवारात आहे. इथे करायला काही काम नाही, म्हणून मन मागे मागे जातं. माझ्यामुळे एका मांजरीला घर सोडावं लागलं होतं. माझा खरा गुन्हा त्याहून मोठा आहे, पण मांजरीपासून सुरुवात केली की सांगायला थोडं सोपं जातं.

मी नवी होते तेव्हा माझा काय थाट होता! दहा माणसांचं काम एकटी करायचे. मला चालवणारे ड्रायव्हरकाका तर माझ्यावर जीव टाकायचे. रोज सकाळी फडक्याने पुसायचे, घरच्या गोष्टी सांगायचे. या लाडांनी मी शेफारले. किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायचं नाही, आधी दोनदा कुरकुर करायची, एकदा रुसायचं आणि मग काकांनी पुरेशा मिनतवाऱ्या केल्या की धडधडायचं, अशी खोड मी लावून घेतली. काका हसून म्हणायचे, नखरेल आहे आमची.

पण माल भरायला गाडी आली की नखऱ्यांना वेळ नसतो. म्हणून काकांनी एक रीत पाडली. सकाळी एकदा मला सुरू केलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद करायचं नाही. काम नसलं तरी मी कोपऱ्यात धडधडत उभी. शेडचा दुसरा नियम असा होता की मशीन नेहमी तोंड दाराकडे करून लावायचं, म्हणजे हाक आली की सरळ निघता येतं. आता तोंड दाराकडे म्हटल्यावर पाठ कुठे, याचा विचार कोणीच केला नाही.

माझ्या पाठीमागे एक टेबल होतं. तिथे काकू खोक्यांवर लेबलं चिकटवत बसायच्या. काकू म्हणजे ड्रायव्हरकाकांच्याच पत्नी. वाऱ्याने लेबलं उडतात म्हणून त्या बाजूचं शटर अर्धं खाली असायचं. हमाल आत-बाहेर करायचे, त्यांना मोकळी हवा मिळायची. काकू मात्र दिवसभर तिथेच, आणि माझा सगळा धूर त्यांच्या अंगावर.

दुसऱ्या वर्षी त्यांना खोकला लागला. शेडमध्ये तो काकांना कधी ऐकूच आला नाही, कारण माझ्या आवाजापुढे कोणाचं काय ऐकू येणार? रात्री घरी ऐकू यायचा. म्हणून काकांनी घराला दोषी धरलं. ओल येते म्हणून भिंत रंगवून घेतली, धूळ धरते म्हणून सतरंजी देऊन टाकली. शेवटी कोणीतरी मांजरीच्या केसांचं नाव काढलं. झालं, सहा वर्षं घरात वाढलेली ती मांजर टोपलीत घालून काकांच्या बहिणीकडे रवाना झाली. मला पुसता पुसता काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. खरं कारण मला ठाऊक होतं. बोलता येत नाही ही माझी सबब खरी आहे, पण त्या दिवशी ती मला पुरली नाही.

काकूंना सगळं कळत होतं. सुट्टीच्या दिवशी खोकला थांबतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण शेजारी बसणाऱ्या बाईंना त्या माझ्या पाठीमागे बसूनच म्हणाल्या होत्या, "ह्यांना नको सांगू. मशीनला नाव ठेवलेलं ह्यांना खपत नाही." ते ऐकून मला आधी अभिमान वाटला, मित्रांनो. लाज नंतर वाटली. आजही तो क्रम आठवला की मला माझाच राग येतो.

मग एक दिवस विजेवर चालणारी फोर्कलिफ्ट आली. हमालांनी तिचं नाव सूनबाई ठेवलं, त्यामुळे मी आपोआप सासूबाई झाले. मला बाहेर पत्र्याखाली हलवलं. काका तिच्यावर नाखुशीनेच बसले. पण तिला धूर नव्हता, आवाज नव्हता. काम नसलं की ती नुसती उभी राहायची, काही जाळायची नाही. पाय ठेवला की निघायची, तिच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नव्हत्या. ती इतकी हळू यायची की लोकांना कळावं म्हणून तिला जमिनीवर निळ्या दिव्याचा उजेड पाडावा लागायचा. माझ्या हादऱ्यांनी काकांच्या हाताला लागलेली थरथर चार-पाच दिवसांत कमी झाली आणि चहाचा कप न सांडता तोंडाशी जाऊ लागला. माणसं न ओरडता बोलू लागली.

मी बाहेरून जळत होते. आठव्या दिवशी माझी इच्छा पुरी झाली. आदल्या दिवशी घरी जाताना काका सूनबाईला चार्जिंगला लावायला विसरले आणि भर कामात ती थांबली. सुपरवायझर म्हणाला, जुनी काढा. मला कोण आनंद झाला! तरीही दोनदा कुरकुर केली, एकदा रुसले आणि मगच ऐटीत आत शिरले.

पाव तासात काकू खोकू लागल्या. आठ दिवसांच्या शांततेने काकांचे कान जरा मोकळे झाले होते. त्यांनी काटे खाली टेकवले आणि कामाच्या मध्येच, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मला बंद केलं. शेडमध्ये आता फक्त खोकला उरला होता. काका टेबलापाशी गेले, मागे वळून माझ्या सायलेन्सरकडे बघितलं.

"आठ दिवस हा खोकला नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता," काकू म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचा एवढा जीव तिच्यावर. काय सांगणार?"

काका खाली बसले आणि सर्वांसमोर रडले. उरलेली खोकी त्या दिवशी हातगाडीवर गेली. त्याच आठवड्यात मांजर घरी परतली, असं हमालांच्या बोलण्यात ऐकलं. काकूंचा खोकला पुष्कळ कमी झाला. पूर्ण गेला नाही. जिना चढताना त्या अजून मध्ये थांबतात.

भंगाराचा ट्रक आला त्या सकाळी मला ट्रकवर चढवायला काकाच आले. काकू दारात उभ्या होत्या. काका म्हणाले, "आधी तू आत जा. शटर पूर्ण खाली घे." शटर जमिनीला टेकल्यावरच त्यांनी किल्ली फिरवली.

मित्रांनो, एखादं मशीन उगीच धडधडत उभं दिसलं तर त्याच्या मागे कोण बसलं आहे ते बघा, आणि ते बंद करा. मशीन स्वतः सांगणार नाही.

त्या सकाळी मी पहिल्याच किल्लीला सुरू झाले. मला ते येत होतं, नऊ वर्षं येत होतं.